खाली फेकलेलं पाणी

सकाळी 7
शापोरा नदीत भरती लागली आहे. आधी फ्लायबोर्डला नळीतून पाणी पुरवणाऱ्या जेट स्कीचा पंप पाहतो. शोषणाऱ्या जाळीत एखादी प्लास्टिकची पिशवी अडकली, तरी पाणी कमी फेकलं जातं आणि वरचा माणूस खाली येतो. इंजिन बंद ठेवून इंपेलरच्या पात्यांवरून बोट फिरवतो. बारीकशी खाचही हाताला लागते. मग नळीचा पीळ काढतो.

9.30
पहिलं गिऱ्हाईक. बूट घट्ट बसवतो. "गुडघे ताठ ठेवा, नजर समोर." माणूस आणि फ्लायबोर्ड मिळून 100 किलो धरले, तर तोलून धरायला साधारण 1000 न्यूटन जोर हवा. सेकंदाला 50 लिटर पाणी 20 मीटर वेगाने खाली फेकलं की तेवढा जोर मिळतो. उचललेल्या नळीचा भार वेगळा.

11
कोल्हापूरहून इंजिनिअरिंगची मुलं आलेली. एकीने विचारलं, "दादा, झोत नदीवर आपटतो म्हणूनच वर जातो ना आपण?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो. तिलाच वर नेलं, दोन मीटर, मग सहा. झोत पृष्ठभागापासून लांब गेला, तरी ती पडली नाही. बोर्ड पाण्याला खाली ढकलतो, पाणी बोर्डाला वर; नदीवर आपटण्याची गरजच नाही. रॉकेटचंही तेच. निर्वात पोकळीत रॉकेट कशाला रेटणार, असं म्हणत 1920 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने रॉकेट-संशोधक गोडार्ड यांची खिल्ली उडवली होती. चूक कबूल केली 17 जुलै 1969 रोजी, अपोलो-11 चंद्राच्या वाटेवर असताना.

2
जेवण, पेट्रोल.

4.30
ओहोटी लागली की मी थांबतो. चार मीटरपेक्षा उथळ पाण्यावर कुणालाही उडवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मुलं अजून काठावरच. "दादा, आणखी वर का नाही जाता येत?" कारण फेकायचं पाणी नदी देते आणि नळी संपली की नदीही संपली. 20 एप्रिल 1961 रोजी हॅरोल्ड ग्रॅहम बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट पाठीला बांधून नळीशिवाय उडाला. झोतासाठीचं हायड्रोजन पेरॉक्साइड पाठीवरच होतं. उड्डाण 13 सेकंदांचं झालं आणि भरलेली टाकीसुद्धा वीसेक सेकंदच पुरायची.

6
खारं पाणी पंपात राहू नये म्हणून गोड्या पाण्याने धुतो. मुलांना जाता जाता एक हिशेब दिला: पीएसएलव्ही रॉकेटचं 'एक्सएल' रूप श्रीहरिकोट्याहून निघताना 320 टनांचं असतं. पीएसएलव्ही 600 किलोमीटरवरच्या ध्रुवीय कक्षेत पोहोचवू शकतं ते 1750 किलो. बाकीचं बहुतेक वजन फेकण्यासाठीच सोबत नेलेलं असतं.