मेंदूतील दाहाचे चित्र

शरीरास कोठे जखम झाली म्हणजे ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते व दुखते. दाहाची ही चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने नोंदवून ठेविली आहेत. ती ओळखावयास वैद्यच हवा असे नाही; घरातील वडीलधारी माणसेही ती ओळखतात. परंतु हाच दाह मेंदूत निर्माण झाला तर? मेंदूच्या गाभ्यास स्वतःची वेदना कळत नाही आणि कवटीच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांस दिसत नाही. अल्झायमरचा स्मृतिभ्रंश व कंपवात या विकारांत वर्षानुवर्षे धुमसणारा दाह असा मुका असतो. जिवंत माणसाच्या मेंदूतील या दाहाचे चित्र घेण्याचे प्रयत्न गेली काही दशके चालू आहेत. त्या चित्रावरून काय कळते व काय कळत नाही, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी तरी समजून घ्यावयास हवे.

मेंदूचे पहारेकरी

मेंदूत विचार व हालचाल यांचे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी असतात, तशाच त्यांची राखण करणाऱ्या पेशीही असतात. १९१९ साली पीओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने या राखणदार पेशींची स्वतंत्र ओळख पटवून दिली व त्यांस मायक्रोग्लिया हे नाव दिले. एरवी या पेशी आपले नाजूक तंतू हलवीत आसपासचा प्रदेश चाचपीत असतात. रोगजंतू शिरला किंवा चेतापेशी मेली, की त्या आपले रूप पालटतात, केरकचरा गिळून टाकतात आणि दाह वाढविणारी रसायने सोडतात.

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटे साठतात. त्या पुटांभोवती हे पहारेकरी गोळा झालेले असतात. १९८८ मध्ये कॅनडातील संशोधकांना कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूतही हेच दिसून आले. पण मृत्यूनंतरची तपासणी म्हणजे कथेचे शेवटचे पान. दाह आधी की पेशींचा नाश आधी, याचे उत्तर त्या पानावर मिळत नाही. त्यासाठी जिवंत मेंदूच पाहावयास हवा.

चित्र कसे घेतात

यासाठी पेट या नावाने ओळखले जाणारे यंत्र वापरतात. किरणोत्सर्गी अणू जोडलेले एक रसायन अत्यल्प प्रमाणात शिरेतून देतात. या अणूतून पॉझिट्रॉन हा सूक्ष्म कण बाहेर पडतो. शेजारच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नष्ट होतात आणि दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. डोक्याभोवतीचे कडे ते किरण टिपते आणि गणिताने त्यांचे उगमस्थान निश्चित करते. यात वापरला जाणारा कार्बन-११ अवघ्या २० मिनिटांत निम्मा होतो. म्हणून तो निर्माण करणारा सायक्लोट्रॉन रुग्णालयाजवळच असावा लागतो. भारतात अशी सोय प्रथम २००२ मध्ये मुंबईत परळ येथे झाली.

दाह शोधण्यासाठी योजलेले रसायन टीएसपीओ या प्रथिनास जाऊन चिकटते. पहारेकरी पेशींत, त्यांना ऊर्जा पुरविणाऱ्या कणांच्या आवरणावर, हे प्रथिन असते. २००१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी पीके १११९५ हे रसायन वापरून अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांची चित्रे प्रसिद्ध केली. निरोगी माणसांच्या तुलनेने त्यांच्या मेंदूत स्मृतीशी निगडित भाग अधिक उजळलेले दिसले. मुक्या दाहाचा माग जिवंत मेंदूत लागला, असे सर्वांस वाटले.

उजेडाचा अर्थ

पुढे अडचणी उभ्या राहिल्या. अधिक स्पष्ट चित्र देणारी नवी रसायने आली, तर काही माणसांत ती जवळजवळ चिकटतच नाहीत असे आढळले. याचे कारण २०१२ मध्ये उलगडले: टीएसपीओच्या जनुकात एका अक्षराचा फरक असतो व तो जन्मतःच मिळतो. म्हणजे चित्र फिके आले तर दाह नाही असे नव्हे! तेव्हापासून अशी चित्रे घेताना आधी रक्ताची जनुकीय तपासणी करतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पहारेकरी खवळले की टीएसपीओ वाढते, असे उंदरांत दिसते. माणसाच्या पेशींत मात्र तसे होत नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तेव्हा चित्रातील उजेड बहुधा पहारेकऱ्यांची संख्या सांगतो, त्यांची करणी सांगत नाही. दुरून वाड्यासमोर गर्दी दिसावी, पण ती आग विझवावयास आली आहे की लुटावयास, हे कळू नये, तसा हा प्रकार. हे पहारेकरी केवळ शत्रू आहेत असेही नव्हे. त्यांच्या कामास आवश्यक असलेल्या ट्रेम-२ या जनुकात दोष असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका बराच अधिक असतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले.

औषधाचा मोह

दाह आहे ना, मग दाहशामक गोळी घ्यावी, असा विचार कोणाच्याही मनात येईल. शास्त्रज्ञांच्याही मनात तो आला होता. २००१ मध्ये अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या व कुटुंबात अल्झायमर असलेल्या सुमारे २,५०० व्यक्तींवर सांधेदुखीवरील दोन प्रचलित औषधांचा प्रयोग सुरू झाला. हृदयविकाराच्या धोक्याची शंका आल्याने २००४ च्या डिसेंबरात औषधे देणे थांबवावे लागले. स्मृतिभ्रंश टळल्याचेही दिसून आले नाही. म्हणून स्मरणशक्ती टिकावी या आशेने वेदनाशामक गोळ्या रोज घेणे हे हिताचे नव्हे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. दाहाचे हे चित्र त्यांच्या नित्य निदानाचे साधन झालेले नाही. ते संशोधकांचे साधन आहे. यापुढे येणारे एखादे औषध मेंदूतील दाहावर खरोखर परिणाम करते काय, हे पारखण्यास ते उपयोगी पडेल. तोवर घरातील वृद्ध व्यक्ती वारंवार विसरू लागल्यास 'वयच झाले' म्हणून स्वस्थ बसू नये. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची उदासीनता यांमुळेही विस्मरण होते आणि यांवर उपचार आहेत. साध्या रक्ततपासणीने व डॉक्टरांशी मोकळेपणी बोलल्याने जे कळते, ते आज अशा कुटुंबास या महागड्या चित्रापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.