बाग तीच, पाटी तिसरी

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल शहरात एका बागेचे बारसे सव्वा वर्षात दोनदा झाले. मूळचे नाव ‘ली पार्क’. अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचे. त्याचा अश्वारूढ पुतळा १९२४ पासून तिथे उभा होता. २०१६ मध्ये एका शाळकरी कृष्णवर्णीय मुलीने अर्ज केला : पुतळा हलवा, नाव बदला.

पुतळ्याचा ठराव फेब्रुवारी २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी कसाबसा मंजूर झाला आणि लगेच कोर्टात अडकला. युद्धस्मारकांना राज्याच्या कायद्याचे संरक्षण होते. नावाचे तसे नव्हते. बाग शहराची, त्यामुळे नाव ठरवणार नगर परिषद. जूनमध्ये ‘इमॅन्सिपेशन पार्क’, म्हणजे मुक्ती उद्यान, हे नाव ठरले. ऑगस्टमध्ये पुतळा हटवण्याच्या विरोधात जमलेल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी शहरात धुडगूस घातला, त्यात एका तरुणीचा जीव गेला.

नव्या नावालाही विरोध झाला, आणि त्यात काही कृष्णवर्णीय रहिवासीच पुढे होते. सह्यांची मोहीम निघाली. जुलै २०१८ मध्ये परिषदेने लगतच्या रस्त्याचे बिनधोक नाव उचलले : ‘मार्केट स्ट्रीट पार्क’. माझ्या मते हा तोडगा नव्हे, माघार होती. पुतळा मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केल्यावरच, १० जुलै २०२१ रोजी हलला.