उजेडाचं बिल

त्या खोलीत रात्री दिवस असायचा आणि दिवसा रात्र. संध्याकाळी सातला दिवे लागायचे, सकाळी सातला विझायचे. रात्रीची वीज स्वस्त पडते म्हणून झाडांचं घड्याळच उलटं फिरवलेलं. दिवे विझले की आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. जावंच लागलं तर कपाळाला हिरवा दिवा बांधून जायचं. हिरवा उजेड झाडाला फारसा कळत नाही, असं तिथले जुने लोक सांगायचे.

मी मूळचा निफाडकडचा, घर द्राक्षाचं. कृषी पदवीनंतर तळेगाव दाभाड्याला एका पॉलिहाऊसमध्ये जरबेरा आणि शेवंती सांभाळली. मग कॅनडात, ओंटारियोतल्या लेमिंग्टनला, टोमॅटोच्या काचघरात नोकरी लागली. लेमिंग्टन म्हणजे टोमॅटोचं गाव. हाइन्झचा केचपचा कारखाना तिथे 1909 पासून 2014 पर्यंत चालला. 17 ऑक्टोबर 2018 ला कॅनडात गांजा कायदेशीर झाला. त्याच्या आगेमागे आमच्या भागातली काही काचघरं टोमॅटो-काकडी सोडून या पिकाकडे वळली, आणि त्यांच्यासोबत मीही. पुढच्या पाच हंगामांत हे पीक मी तिन्ही तऱ्हांनी केलं: बंद खोलीत, काचेखाली आणि उघड्या रानात. भारतात 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने या झाडाच्या विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तेव्हा इथे लिहितोय ते सगळं परवान्याखालचं, कुंपणाच्या आतलं आणि कॅमेऱ्यासमोरचं आहे.

घरी मात्र मी वर्षभर "फुलपीक आहे" एवढंच सांगत होतो. ते खोटं नव्हतं. विकायचं असतं ते मादी झाडाचं फूलच. एका रविवारी फोनवर वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सरळ विचारलं, "कसलं फूल?" मी सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग म्हणाले, "भुरी येते का त्याला?"

येते. भुरी येते, लाल कोळी येतो, मावा येतो, फुलकिडे येतात. आमच्या द्राक्षाच्या बागेत जे जे येतं त्यातलं निम्मंअधिक या झाडावर येतं. फरक एवढाच की या पिकावर कॅनडात चालणाऱ्या औषधांची यादी फार लहान आहे, आणि तयार मालाची प्रयोगशाळेत अवशेषांसाठी तपासणी होते. निर्यातीची द्राक्षं काढणाऱ्याला ही शिस्त नवी नाही. "मग हवा खेळती ठेव," अण्णा म्हणाले. गांजाबद्दल त्यांनी मला त्यापलीकडे कधी काही विचारलं नाही. पण त्या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं, ते समजायला आमच्या कंपनीने लाखो डॉलर घालवले.

बंद खोलीचा गाभा दिव्यात आहे, असं बाहेरच्याला वाटतं. मलाही वाटायचं. पहिल्याच आठवड्यात देखभाल विभागातल्या एका वयस्कर माणसाने मला छतामागच्या यंत्रघरात नेलं. तिथे हवेतली वाफ ओढून घेणारी यंत्रं होती आणि त्यांच्या नळ्यांतून पाण्याची अखंड धार पडत होती. "तू झाडांना दिलंस ना, तेच पाणी आहे हे," तो म्हणाला. झाड पाणी पितं आणि पानातून हवेत सोडतं. रानात ती वाफ वारा नेतो, फुकट. बंद खोलीत ती नेणारं कुणी नाही. म्हणून दिव्यांना वीज, दिव्यांनी तापलेली हवा थंड करायला वीज आणि झाडांनी सोडलेली वाफ परत पाणी करायला वीज. शिवाय झाडं जोमाने वाढावीत म्हणून आम्ही सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडायचो. तो बाहेर जाऊ नये म्हणून ताजी हवा आत घ्यायची नाही. सूर्य, वारा आणि आकाश या तिघांची कामं आम्ही मोटारींना लावली होती.

ऑगस्टमधल्या एका रात्री त्यातलं एक यंत्र बंद पडलं. इशारा देणारा भोंगा वाजला तो भलत्याच खोलीचा, त्यामुळे तासभर आम्ही चुकीच्या दारात उभे होतो. सकाळपर्यंत फुलांवर ओल बसली होती. चार दिवसांनी फुलांच्या पोटात राखाडी बुरशी दिसली, बोट्रायटिस. द्राक्षबागायतदाराला ती नावानिशी ठाऊक असते. पावसात सापडलेल्या घडाच्या आत, दाटीच्या मण्यांमध्ये ती अशीच सुरू होते. दाट फूल आणि दाट घड, दोन्ही वरून देखणे आणि आतून सडलेले. जवळपास निम्मी खोली आम्ही पिशव्यांत भरून वजन करून नष्ट केली. त्याचीही नोंद ठेवावी लागते, ग्रॅम-ग्रॅमची.

दुसरा प्रसंग अंधाराचा. एका खोलीतल्या फुलांत काढणीच्या आधी बी सापडलं. बी म्हणजे माल पडला, कारण बाजाराला बिनबियांचं फूल हवं. नर झाड खोलीत एकही नव्हतं, मग पराग आला कुठून? गांजाचं झाड शेवंतीसारखं: रात्र लांबली की फुलावर येतं. तळेगावला आम्ही शेवंतीवर रात्री दिवे लावून तिची कळी लांबवायचो. इथे उलटं, बारा तासांचा अखंड अंधार जपायचा. तो अंधार मोडत राहिला तर ताण पडून मादी झाडावरच काही नरफुलं येऊ शकतात. मी आणि एक सहकारी त्या खोलीत दार लावून काळोखात बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी डोळे सरावले आणि दाराच्या तळाशी केसाएवढी रेघ उजळलेली दिसली. दाराचं रबर फाटलं होतं, बाहेरच्या ओसरीतली ट्यूबलाइट रोज बारा तास आत झिरपत होती. बियांची झाडं मोजली. बहुतेक दाराजवळची. ते सगळं फूल अर्क काढायला पडत्या भावात गेलं.

काचघर मला घरच्यासारखं वाटलं. सूर्य वरून येतो. हिवाळ्यात आणि ढगाळ दिवशी दिव्यांची जोड द्यायची, ऊब गॅसच्या बॉयलरची, आणि त्याच बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून झाडांना. टोमॅटोवाल्यांनी ही पद्धत आधीच बसवलेली होती. उन्हाळ्यात मात्र दिवस लांब, म्हणून संध्याकाळी काळा पडदा ओढून झाडांसाठी खोटी रात्र करायची. पडदा ओढला की खाली उष्मा कोंडतो. एकदा पडद्याची मोटर मध्येच अडकली आणि आम्ही सहा जणांनी शिड्यांवर चढून तो हाताने ओढला. खाली उतरलो तेव्हा अंगावरचे कपडे पिळून निघत होते.

काचघराची खरी अडचण शेजाऱ्यांशी असते. हिवाळ्यात लेमिंग्टनच्या आसपासचं आकाश रात्री गुलाबी-पिवळं दिसतं, मैलोन् मैल. लोक तक्रार करतात, आणि ती रास्त आहे. वास हा त्याहून मोठा वाद. छताच्या झडपा उघडल्या की वास गावात जातो. कॅलिफोर्नियात कार्पिंटेरियाला हेच झालं. तिथली फुलांची काचघरं कोलंबियाच्या स्वस्त फुलांपुढे मोडकळीला आली होती, 2016 च्या मतदानाने तिथे गांजा खुला झाल्यावर त्यांतली बरीच या पिकाकडे गेली, आणि वासावरून शेजाऱ्यांचे दावे सुरू झाले. मावळातल्या गुलाबवाल्यांना परदेशी फुलाची झळ माहीत आहे. ती बातमी वाचताना मला तळेगावच आठवत होतं.

रानातला हंगाम मी दोनदा केला. जूनमध्ये रोप लावायचं, ऑगस्टात रात्र लांबू लागली की झाड आपोआप फुलावर येतं. कुणी पडदा ओढायचा नाही, कुणी बटण दाबायचं नाही. झाड माणसाच्या डोक्यावर जातं. आमच्या टोळीचा मुकादम जमैकाचा होता, कॅनडात हंगामी शेतमजूर म्हणून बरीच वर्षं येणारा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "हा गांजा." उच्चार थेट आपला. मी चमकलो. मग त्यानेच सांगितलं की हा शब्द त्यांच्याकडे भारतातून आला, करारावर नेलेल्या मजुरांबरोबर. त्यांचं पहिलं जहाज 1845 ला जमैकाला लागलं. ऊस तोडायला गेलेल्या माणसांनी सोबत नेलेला शब्द, पावणेदोनशे वर्षांनी ओंटारियोच्या रानात मला परत भेटला.

नर झाड ओळखण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. पेऱ्याजवळच्या बारीक गाठीवरून तो चालता चालता झाड उपटायचा. याला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. ब्रिटिश सरकारने 1893-94 मध्ये भारतातल्या गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला होता. त्या काळी बंगालमधल्या नौगावच्या गांजाच्या रानांत नर झाडं काढायला खास जाणकार बोलवत, त्यांना पोद्दार किंवा परखदार म्हणत. मुंबई इलाख्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात परवान्याने गांजा पिकत होता. म्हणजे हे मुळात रानातलं पीक, शेतकऱ्याच्या डोळ्याने राखलेलं. खोलीत ते कोंडलं गेलं ते विसाव्या शतकातल्या बंदीमुळे. पोलिसांच्या हेलिकॉप्टरपासून लपवायला अमेरिकेत ते तळघरात गेलं. बंदी उठली, तळघर मात्र राहिलं, आणि चोरीच्या काळातली पद्धत उत्तम मालाची खूण बनून बसली.

पहिल्या रानातल्या हंगामात ऑक्टोबरमध्ये ईरी सरोवराकडून चार दिवस पाऊस आला. पाचव्या दिवशी राखाडी बुरशी. हवामान खात्याने शनिवारी कडाक्याच्या दहिवराचा इशारा दिला होता. आम्ही ट्रॅक्टरच्या दिव्यात दोन रात्री कापत राहिलो. मुकादम प्रत्येक झाडाचं वरचं फूल बोटांनी उकलून बघायचा, कुजकं खाली टाकायचा. तिसरा हिस्सा गेला. उरलेला वाळवला, तपासणीला पाठवला, आणि अहवाल स्वच्छ आला.

मग खरेदीदार आला. त्याच्या तक्त्यात पहिला रकाना होता: कुठे पिकवलं. तिथे "शेत" लिहिलं आणि पिशवी उघडायच्या आधी भाव खाली आला. वास, अहवाल, सगळं नंतर. मुकादम बाजूला उभा होता. त्याने टोपी काढली आणि तो निघून गेला.

मला त्या तक्त्याचा राग अजून आहे. 2021 साली कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या बंद खोल्यांतल्या लागवडीचा हिशोब मांडला. एक किलो सुक्या फुलामागे, जागा कुठली त्यानुसार, 2,283 ते 5,184 किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात. त्यात मोठा वाटा हवा गरम-थंड करण्याचा आणि वाफ काढण्याचा, मग दिव्यांचा. यंत्रघरातली ती पाण्याची धार मला त्या आकड्यात दिसते. औषधासाठी दर वेळी तंतोतंत सारखं फूल लागत असेल तर बंद खोली समजू शकते. रोजच्या बाजारासाठी तिची काही गरज नाही. अर्क काढायचा तर रान पुरेसं आहे, आणि उत्तम फूल हवं तर सूर्याखालचं काचघर. दिवे फक्त जोडीला.

भारतात उत्तराखंडने 2018 मध्ये नशा न येणाऱ्या, तंतूच्या भांगेला परवाने दिले, तेही उघड्या रानासाठी. उद्या आपल्याकडे धोरण बदललं आणि कुणी शीतगृहासारखी इमारत बांधून द्यायला आला, तर सही करण्याआधी त्याच्याकडून वर्षभराच्या विजेचं बिल मागून घ्या.

आमची बंद खोल्यांची इमारत चौथ्या हंगामानंतर बंद झाली. रानात मका आहे. काचघरात पुन्हा काकडी लागली, आणि मी ती बघतो.