नमुना दुसऱ्याचा, स्वेटर आपला

जयपूरचा हिवाळा मोठा दुटप्पी असतो. जानेवारीत पहाटेचे सरासरी तापमान सुमारे ८ अंशांपर्यंत उतरते, तर दुपारी ते २२ अंशांच्या आसपास चढते. अशा गावी आयर्लंडच्या पश्चिमेकडील अरन बेटांच्या धाटणीचा, वेण्यांनी भरगच्च असा स्वेटर पुस्तकाबरहुकूम विणला, तर तो डोळ्यांना सुखवील. अंगाला मात्र मध्यान्ही नकोसा होईल. ती वीण समुद्रावरच्या बोचऱ्या वाऱ्यासाठी होय. नमुना कितीही आवडला, तरी तो आपल्या हवेला आणि आपल्या आवडीला जुळवून घ्यावा लागतो.

पुष्कळ जणी येथेच बिचकतात. छापील नमुन्यातील एक टाका बदलला तर सारे विणकाम बिघडेल, अशी त्यांना धास्ती वाटते. वस्तुतः नमुन्यात दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात : एक मापांचे गणित आणि दुसरी नक्षी. जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात जयपूर आणि उज्जैन या दोन्ही ठिकाणी सम्राट यंत्र उभारले. तत्त्व तेच, पण तिरप्या भिंतीचा चढ जयपुरास सुमारे २७ अंशांचा, तर उज्जैनीस सुमारे २३ अंशांचा, कारण तो स्थळाच्या अक्षांशावर अवलंबून असतो. विणकामातही तत्त्व कायम ठेवून आकडे नव्याने मांडावयाचे असतात.

हे आकडे मिळतात नमुन्याच्या चौकोनातून. ज्या लोकरीने आणि ज्या सुयांनी स्वेटर विणावयाचा, त्यांनीच सुमारे १५ सेंटिमीटरचे दोन तुकडे विणावेत. एक साधा, दुसरा वेण्यांचा. ते धुऊन, सपाट वाळवून, मधल्या १० सेंटिमीटरांतील टाके मोजावेत. समजा, साध्या विणीत २२ टाके आले आणि वेण्यांच्या विणीत २८. हा फरक पडतो, कारण टाके एकमेकांवरून ओलांडले की कापड आत ओढले जाते.

आता छाती ९० सेंटिमीटर असेल आणि ६ सेंटिमीटर सैलपणा हवा असेल, तर घेर ९६ होतो; म्हणजे पाठीचा भाग ४८ सेंटिमीटर. वेण्यांच्या विणीला त्यासाठी १३४ टाके लागतील, साध्या विणीला १०६. वेण्या जड वाटल्या म्हणून त्या नुसत्या गाळल्या आणि टाके १३४च ठेवले, तर घेर जवळजवळ १२२ सेंटिमीटर होईल. उलट, साध्या स्वेटरच्या १०६ टाक्यांवर हौसेने सगळीकडे वेण्या घातल्या, तर घेर ७६ सेंटिमीटरांपर्यंत आकसेल आणि महिनाभराचे श्रम उसवावे लागतील.

वेण्यांच्या जागी काय घालावे? राजस्थानातील लहरियाच्या तिरप्या लाटा हा एक सुंदर पर्याय आहे. सुलट विणीवर बारा टाक्यांच्या पट्ट्यात एक उलट टाका घ्यावा. तो दर दुसऱ्या ओळीला एक घर उजवीकडे सरकवावा, आणि पट्ट्याच्या कडेशी आला की त्याच क्रमाने डावीकडे परतवावा. मागच्या बाजूने टाके जसे दिसतील तसे विणावेत. यात टाके ओलांडले जात नसल्यामुळे कापड फारसे आकसत नाही. तरीही चौकोन विणून खात्री करावीच. १०६ टाक्यांत बारा-बाराचे आठ पट्टे बसतात आणि दहा टाके उरतात. ते पाच-पाच करून दोन्ही कडांना साधे ठेवले, की शिवणही नीट बसते.

दुपारच्या उन्हासाठी पुढचा भाग मधोमध दुभागून बटणांची पट्टी जोडावी, अथवा बाह्या गाळून मुंढ्यांना काठ विणावा. उंची मात्र ओळींवर ठरते : १० सेंटिमीटरांत ३० ओळी येत असतील, तर ६० सेंटिमीटरांच्या स्वेटरला १८० ओळी हव्यात. मुंढा व गळा यांची मापेही आधी सेंटिमीटरांत ठरवून मग टाक्यांत आणि ओळींत उतरवावीत.

प्रत्येक बदल विणतानाच वहीत टिपून ठेवावा. डाव्या भागाला जोडीचा उजवा भाग आठवड्याने विणावयास घेतला, म्हणजे त्या टिपणाचे मोल कळते. आणि पुढच्या हिवाळ्यात तीच वही शेजारणीलाही उपयोगी पडते.