प्रवासातला सोडा

सोडा म्हटला की डोळ्यांपुढे उभी राहते ती गोळीची बाटली. अंगठ्याने गोळी आत ढकलावी, फट्‌कन आवाज व्हावा आणि लिंबू-मिठाचा फेस मनगटावर ओघळावा. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना या बाटलीची वेगळी ओळख करून द्यायला नको. परंतु हाच सोडा चालत्या गाडीच्या घरात, ऐन मे महिन्यात, आपला आपण करून प्यायचा झाला तर काय काय सांभाळावे लागते, हे मला गेल्या उन्हाळ्यात धार-देवासच्या प्रवासात कळले. तेही आधी चुका केल्यानंतर.

माझे आजोबा ८४ वर्षांचे. त्यांचे बालपण धारला गेले, नोकरीनिमित्त ते बेळगावी आले आणि इकडचेच झाले. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, देवासला असते. 'एकदा धार पाहीन आणि ताईला भेटेन' असे ते चार वर्षे म्हणत होते. मामांनी एक छोटी बस रीतसर नोंदणी करून राहण्याजोगी करून घेतली आहे. आत दोन बाके, झोपायची फळी, शेगडी, पाण्याची टाकी. पाश्चात्य देशांत अशा गाडीला आरव्ही म्हणतात. आमच्या घरात तिचे नाव 'विंचवाचे बिऱ्हाड' असे पडले आहे. मामींनी हौसेने सोडा करण्याचे घरगुती यंत्र बरोबर घेतले होते. मी मनात हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याच्या पुढे आजोबांना घेरी आली. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, 'सकाळपासून पाणी किती प्यायले?' तेव्हा उलगडा झाला. माझ्यापायी गाडी वरचेवर थांबवावी लागू नये, म्हणून आजोबांनी बेळगाव सोडल्यापासून पाणी जवळजवळ टाकलेच होते! म्हातारपणी तहानही कमी लागते, त्यामुळे त्यांना स्वतःला काही जाणवले नाही. डॉक्टर म्हणाले, 'थोडे थोडे, पण तासातासाला काहीतरी पोटात जाऊ द्या.' पाणी पुढे केले की आजोबा मान हलवीत. सोडा म्हटल्यावर मात्र म्हणाले, 'लिंबू पिळून दे, मीठ नको.' त्यांना रक्तदाब आहे. बाजारातील पुष्कळ सोड्यांत चवीसाठी सोडियमचे क्षार घातलेले असतात, आणि 'सोडा' हे नाव मुळात त्या क्षारांवरूनच पडले. घरच्या यंत्रातल्या सोड्यात पाणी आणि वायू यांखेरीज काही नसते. शिवाय मामींना आदल्या वर्षी कावीळ झालेली, त्यामुळे बाहेरचे पेय गाडीत आणायचे नाही असा त्यांचा दंडक. एका क्षणात ते हौसेचे यंत्र औषधाच्या पेटीइतके महत्त्वाचे झाले.

आणि त्याच वेळी ते चालेना. मी टाकीतले पाणी भरले, कळ दाबली, शिटी वाजली, पुन्हा दाबली. बाटली उघडताच सगळा फेस उसळून गेला आणि खाली साधे कोमट पाणी उरले. आजोबा एक घोट घेऊन म्हणाले, 'यात दम नाही रे.'

दम का नव्हता हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडमधील लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली यांच्या घराशेजारी बिअरचा कारखाना होता. तेथील पिंपांवर तरंगणारा वायू पाण्यात मिसळता येतो, हे त्यांनी १७६७ साली पाहिले आणि १७७२ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. हाच कार्बन डायऑक्साइड. पुढे १७८३ च्या सुमारास जिनिव्हात श्वेप यांनी त्याचा धंदा केला. घरगुती यंत्राचा पूर्वज १९०३ साली लंडनमध्ये तयार झाला. मात्र आपल्या कामाचा माणूस म्हणजे विल्यम हेन्री. द्रवात विरघळणारा वायू त्याच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो, हा त्यांचा नियम १८०३ चा. आपण तो पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. दाबाबरोबर तापमानही पाहावे लागते, हे विसरणे तर आणखी सोपे.

साध्या हवेच्या दाबाखाली १० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. पाणी ४० अंशांचे असेल तर जेमतेम १ ग्रॅम. चांगल्या झणझणीत सोड्याला लिटरमागे सात-आठ ग्रॅम लागतो. म्हणजे गार पाण्यात तो कोंबायला हवेच्या सुमारे तिप्पट दाब पुरतो, आणि गरम पाण्याला सात-आठपट लागतो. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की यंत्राची झडप शिटी वाजवून जास्तीचा वायू बाहेर सोडते. मी ऐकली ती शिटी तीच होती. आमच्या टाकीतले पाणी तेव्हा ३८ अंश होते. माझ्याजवळ स्वतःचा तापमापक होता; तो आधी बुडवला असता तर अर्धा सिलिंडर वाचला असता.

म्हणून पहिला नियम: आधी पाणी गार, मग वायू. सोडा करून नंतर बर्फात ठेवणे हा उलटा कारभार आहे. दुसरे असे की कळ एकदाच फार वेळ दाबू नये. तीन-चार वेळा थोडी थोडी दाबावी आणि मध्ये क्षणभर थांबावे, म्हणजे वायूला विरघळायला सवड मिळते. बाटली खुणेपर्यंतच भरावी. लिंबू, साखर, सरबत जे काही घालायचे ते नंतर आणि सावकाश. आधी घातले तर फेस यंत्राच्या नळीत शिरतो. आणि हे सारे गाडी सपाट जागी उभी करून करावे. धक्क्यांनी पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि विरघळलेला वायू त्या बुडबुड्यांच्या वाटेने बाहेर पळतो. तयार बाटलीही खड्ड्यांतून हिंदकळली असेल तर उघडण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे स्वस्थ ठेवावी.

दुसरी चूक याहून गंभीर होती. खलघाटला नर्मदेच्या पुलाजवळ आम्ही गाडी उभी करून नदीवर गेलो. तासाभराने परतलो तर मामांनी मागच्या खिडकीशी ठेवलेला दुसरा, भरलेला सिलिंडर हाताला चटका देत होता. मामा चेष्टेने म्हणाले, 'चहा होईल यावर.' मला मात्र घाम फुटला.

त्याचे कारण असे. छोट्या सिलिंडरमध्ये सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो, बराचसा द्रवरूपात. २० अंशांना आतला दाब हवेच्या ५५ पटींहून अधिक असतो. ३१ अंशांपलीकडे या वायूचा द्रव राहतच नाही, आणि तेथून पुढे भरलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत ६० अंशांपर्यंत तापमान जाऊ शकते. सिलिंडर फुटू नये म्हणून त्याच्या झडपेत एक पातळ चकती असते. दाब फार झाला की ती फाटते आणि वायू मोकळा होतो. ठीक, पण कोठे मोकळा होतो? मी वहीत हिशेब केला. सव्वाचारशे ग्रॅम वायू उन्हाळ्यातल्या हवेत अडीचशे लिटरच्या आसपास जागा व्यापतो. आमच्या गाडीच्या पोटात सुमारे दहा हजार लिटर हवा. म्हणजे सगळा वायू एकदम सुटला तर हवेत अडीच टक्के. नेहमीच्या हवेत तो असतो ०.०४ टक्के. डोके दुखेल, जीव घाबरा होईल. तीन हजार लिटर हवेच्या लहान मोटारीत हेच प्रमाण आठ टक्क्यांवर जाते, आणि ते जिवावर बेतू शकते. या वायूला वास नाही. तो हवेहून जड असल्याने तळाशी साचतो, आणि आमच्या गाडीत तळाशी आजोबांची फळी होती.

सिलिंडर सावलीत आपोआप निवू दिला. तेव्हापासून त्याची जागा बदलली. लाकडी पेटीत, उभा, पट्ट्याने बांधलेला, झडपेवर टोपण, आणि जवळची खिडकी उघडी. उभा अशासाठी की आडवा केला तर वायूऐवजी द्रवच झडपेत येतो आणि यंत्रात एकदम जोराने घुसतो. गाडी उन्हात उभी करायची झाली तर पेटी आधी बाहेर सावलीत. रात्री पेटी पायरीखाली, साखळीने बांधून. मामींनी पेटीवर ओले गोणपाट टाकायची पद्धत पाडली.

पहिला सिलिंडर तोवर संपला होता. वाटेतील एका शहरात एका दुकानदाराने तो 'पाच मिनिटांत' भरून देण्याची तयारी दाखवली. त्याच्याकडचा वायू वेल्डिंगचा होता. वायू तोच, हे खरे. परंतु खाण्यापिण्यासाठीचा वायू शुद्धतेच्या वेगळ्या कसोट्यांतून गेलेला असतो, कारखान्याच्या नळकांड्यात तेलाचा अंश असला तरी वेल्डिंगचे काही अडत नाही. शिवाय वजन न करता अंदाजाने जास्त भरलेला सिलिंडर म्हणजे पुन्हा खलघाटचीच गोष्ट. मामांना पैसे वाचवायचे होते. आमचे थोडे वाजले. सिलिंडर रिकामाच राहिला.

धारला पोचलो त्या संध्याकाळी आजोबा आम्हाला मुंज तलावाच्या काठी घेऊन गेले. ज्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला त्याच्याकडे त्यांनी काठीने नुसते दाखवले, आणि लहानपणच्या सोड्याच्या दुकानाविषयी मात्र अर्धा तास बोलले. बाटली लोखंडी चौकटीत अडकवायची, वायू सोडायचा आणि हाताने चाक फिरवून बाटली उलटी करायची. गोळी गळ्याशी येई आणि आतल्या दाबाने रबराच्या कड्याला घट्ट चिकटून बसे. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७० च्या सुमारास काढली. बुचाचे काम खुद्द वायूच करतो, ही त्यातली युक्ती. 'चाक फिरवायला मिळावे म्हणून मी तिथे उभा राही,' आजोबा म्हणाले. त्या दिवशी यंत्राची कळ त्यांनीच दाबली. मग दर थांब्यावर तेच दाबू लागले, आणि केलेला सोडा प्यावाही लागे.

देवासला आत्याआजीकडे पाणी गार करण्याचा प्रश्न सुटला. माळव्याचा उन्हाळा कडक, पण हवा कोरडी. या कोरडेपणाचा बेळगावशी एक जुना संबंध आहे. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना १९४८ साली देवासला आले ते याच हवेसाठी, आणि १९९२ पर्यंत टेकडीच्या पायथ्याशीच राहिले. हीच हवा माठाच्या कामाची. माठातून झिरपणारे पाणी कोरड्या हवेत झटपट उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. बाहेर ४१ अंश असताना आत्याआजीच्या माठात २४ अंश भरले. आपल्याकडे पावसाळ्यात माठ असा चालत नाही. माठातले पाणी बाटलीत बंद करून बर्फाच्या पेटीत तासभर ठेवले की ७-८ अंशांवर येई. बर्फ बाटलीबाहेर; बाजारच्या बर्फाचा खडा पाण्यात टाकायचा नाही.

कारण सोड्याने पाणी शुद्ध होत नाही. सोडा किंचित आंबट असतो, काही जंतूंची वाढ त्याने मंदावते, पण काविळीचे विषाणू किंवा आमांशाच्या जंतूंची कवचे त्याला भीक घालत नाहीत. बुडबुडे पाहून माणूस फसतो. म्हणून आमचे पाणी आधी खळखळून उकळलेले, मग माठात. माळव्यात विहिरी-बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड. उकळल्यावर तळाशी पांढरा थर बसतो. वरचे निवळ पाणी घेतले की चवही सुधारते आणि यंत्राची नळीही तुंबत नाही. हे करताना मी पातेल्यातले उरलेले पाणी मोरीत ओतले, तेव्हा आत्याआजीने हात धरला. '१९९० साली इथे पाणी आगगाडीने आणावे लागले होते, बाळा. ते तुळशीला घाल.'

जुलाब-उलट्यांत मात्र सोडा नाही, तेथे साखर-मीठ-पाण्याचे मिश्रणच हवे. पोट फुगणाऱ्यानेही बेतानेच घ्यावा. आजोबांना दिवसाकाठी दीड लिटर सोसला.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी सिलिंडरमध्ये वायू किती उरला असेल, हा वाद झाला. मामा तो हलवून पाहत होते. हलवून काही कळत नाही. रिकाम्याचे वजन बरोबर ठाऊक असेल तर तोलावे, एवढाच उपाय. आमच्याजवळ तसाच रिकामा सिलिंडर होताच. दोन्ही घेऊन मी आत्याआजीच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. त्याने काही न विचारता दोन्ही तोलले. फरक १८० ग्रॅम. गार पाण्यात लिटरमागे सात-आठ धरले तर बावीस ते पंचवीस लिटर. बेळगावला पोचलो तेव्हा त्यातला थोडा शिल्लक होता.