आधी गवत, मग मासे

गोड्या पाण्याच्या टाकीत हिरवे पान नसले तर ती उघडीबोडकी वाटते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र काचेवर हिरवट काही दिसायचा अवकाश, मालक ते खरवडायला धावतो. मासे दोन्हीकडे सारखेच खातात आणि सारखीच घाण करतात. मग रीत अशी उलटी का? कारण खाऱ्या टाकीचा सगळा शौक प्रवाळांच्या चित्रावर पोसला गेला आहे. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना पोषणद्रव्यांनी गरीब, नितळ पाणी मानवते. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर, फॉस्फेट शोषणारी रसायने, सतत पाणी बदलणे हा सगळा सरंजाम पाणी उपाशी ठेवण्यासाठी असतो. ज्याला प्रवाळ पाळायचे आहेत त्याने तो खुशाल मांडावा. पण ज्याला फक्त निरोगी मासे हवेत, त्याने हा उपास आपल्या टाकीवर का लादून घ्यावा? त्याने आधी समुद्री शेवाळ आणि समुद्रगवत लावावे, ते रुजू द्यावे आणि मासे सर्वांत शेवटी आणावेत. त्याने स्वतःला आधी माळी समजावे, असे माझे मत आहे.

कल्पना जुनीच आहे. लंडनचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एका काचपात्राची हकिकत मांडली. त्यात दोन गोल्डफिश होते, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती होती आणि कुजकी पाने खाऊन टाकणाऱ्या गोगलगायी होत्या. पाणी न बदलताही पात्र टिकले. पुढे त्याने हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यात केला, तेव्हा हिरवे शेवाळ या कामाला सर्वांत उपयोगी पडले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, ते याच विचारांच्या काळात. त्या पिढीचे सगळे लक्ष प्राणवायूवर होते. मग हवेचे पंप आले, प्राणवायू विजेवर मिळू लागला आणि वनस्पतींचे काम संपले असा समज झाला. त्यांचे दुसरे काम, नत्राचे, नजरेआडच राहिले.

माशाच्या कल्ल्यांतून नत्र असलेला अमोनिया सतत बाहेर पडत असतो. तो किती घातक ठरतो हे पाण्याच्या सामूवर ठरते. गोड्या पाण्याचा सामू ७ च्या आसपास असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या घरात असतो आणि तिथे हे प्रमाण सुमारे दहापट होते. म्हणजे जी चूक गोड्या टाकीत खपून जाते, तीच खाऱ्या टाकीत माशाच्या जिवावर बेतते. यावर कोणी म्हणेल की वाळूतले आणि दगडांतले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतातच की, शेवाळ कशाला हवे? जिवाणू हवेतच. पण त्यांचे काम नायट्रेटपाशी थांबते आणि नायट्रेट साठत राहते. शेवाळ अमोनिया थेट उचलते, कारण नायट्रेट वापरायला त्याला जास्त ऊर्जा खर्चावी लागते. जे विष व्हायचे त्याचे पान होते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी या तत्त्वावर यंत्रच बनवले: उजेडात ठेवलेली जाळी, तिच्यावर बारीक शेवाळाची लव, वरून वाहते पाणी आणि ठरावीक दिवसांनी खरवडणी.

यातली खरवडणी महत्त्वाची. शेवाळ नत्र नाहीसे करत नाही, फक्त बांधून ठेवते. ते वाढून, पिवळे पडून टाकीतच कुजले तर सगळे पुन्हा पाण्यात उतरते. दर आठवड्याला मूठभर शेवाळ कापून टाकीबाहेर काढले तरच हिशेब चुकता होतो. उलट बाजूने गंमत अशी की शेवाळ जोमात आले की नायट्रेट शून्यावर येते आणि वाढ खुंटते. ॲटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९८३ साली समुद्रतळावर वाढणाऱ्या वनस्पतींच्या घटकांचे प्रमाण मांडले: फॉस्फरसच्या एका अणूमागे नत्राचे सुमारे ३० आणि कार्बनचे ५५० अणू. माशांच्या खाद्यातून फॉस्फरस मुबलक येतो, नत्र आधी संपते. म्हणून अशा टाकीचा मालक कधीकधी नायट्रेट विकत आणून थेंबाथेंबाने घालतो, लोहही घालतो. प्रवाळवाल्याला हे वेडेपण वाटेल. शेतकऱ्याला खत घालण्यात वेडेपण दिसत नाही.

आतापर्यंत शेवाळ आणि गवत एकाच दमात म्हटले, पण ती दोन वेगळी कुळे आहेत. शेवाळाला मूळ नसते. ते दगडाला धरून राहते किंवा किटोमॉर्फासारखे नायलॉनच्या गुंत्यासारखे तरंगते आणि सगळ्या अंगाने पाणी पिते. समुद्रगवत ही मात्र खरी फुलझाडे आहेत. त्यांचे पूर्वज जमिनीवरचे; कोट्यवधी वर्षांपूर्वी ते समुद्रात परतले. जगात त्यांच्या सुमारे ७० जाती आहेत. हरळीसारखे त्यांचे खोड वाळूखालून आडवे सरकत जाते, त्याला मुळे फुटतात आणि फुलांचे परागण पाण्याखालीच होते. शेवाळ लावून महिन्याभरात कापणीला येते. गवत कित्येक महिने नुसते बसून राहते आणि पाहणाऱ्याला ते मेले असे वाटते. बहुतेकांची टाकी इथेच फसते, आणि दोष गवताच्या नाजूकपणाला दिला जातो. खरे कारण वाळूत असते. दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीच्या बारीक वाळूच्या तळाशी प्राणवायू नसतो आणि तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गवत दिवसा पानांत तयार झालेला प्राणवायू पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत पोचवते आणि त्या जोरावर विषाला दूर ठेवते. उजेड कमी पडला, पाने शेवाळाने झाकली गेली किंवा उपटताना खोड तुटले की हा पुरवठा थांबतो आणि गवत खालून मरते. निसर्गात त्याला सोबतीही असतो. गवताच्या मुळांपाशी ल्युसिनिड कुळातले शिंपले राहतात. त्यांच्या कल्ल्यांतले जिवाणू सल्फाइड वापरून टाकतात. २०१२ साली संशोधकांनी हे नाते प्रयोगाने दाखवले. म्हणून भरपूर उजेड, जुनी झालेली, जिवाणूंनी भरलेली जिवंत वाळू आणि तोडलेल्या काड्यांऐवजी मातीसकट मुळे, या तीन गोष्टी नसतील तर गवताच्या वाटेला जाऊ नये. नुसत्या शेवाळाचीही टाकी सुंदर होते.

मग मासे. पण कोणते? सर्जनफिश आणि रॅबिटफिश शेवाळावरच जगतात. असा एक जरी सोडला तरी बागेचा फडशा पडतो. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ हिरव्या कासवांचे कळप जमले, तेव्हा खाजणातली गवताची कुरणे त्यांनी खाऊन पार खालावली. अख्ख्या खाजणाची ही गत, तर दोनशे लिटरच्या टाकीचा काय पाड! या टाकीला शोभतो तो इंडोनेशियाच्या बांगाई बेटांचा कार्डिनलफिश. तो मूळचाच गवतात आणि काटेरी सागरी साळींच्या आडोशाने राहणारा. नर अंडी तोंडात उबवतो आणि पिल्ले त्याच्या तोंडातून पूर्ण आकार घेऊनच बाहेर पडतात. शौकिनांसाठी इतका पकडला गेला की २००७ साली तो संकटग्रस्त यादीत गेला; म्हणून घ्यायचा तर टाकीत पैदास झालेलाच. गोबी मासेही चालतात. संख्या मात्र थोडीच हवी, कारण खारे पाणी मुळात प्राणवायू कमी धरते. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर मावतो, समुद्राच्या पाण्यात सात मिलिग्रॅमही नाही. आणि रात्री मासे व वनस्पती दोघेही तोच वापरतात. यावर उपाय म्हणजे शेवाळाचा काही भाग शेजारच्या पेटीत ठेवून तिथला दिवा रात्री लावणे.

शेवाळाविरुद्ध दोन तक्रारी खऱ्या आहेत. एक, पाणी पिवळसर होते. त्यावर थोडा सक्रिय कोळसा पुरतो. दुसरी गंभीर आहे. कॉलर्पा नावाचे देखणे शेवाळ म्हणजे अनेक केंद्रकांची एकच अवाढव्य पेशी. ते कधी एका रात्रीत आपला सगळा ऐवज बीजरूपाने पाण्यात सोडून पांढरे पडते. पाणी गढूळ होते, प्राणवायू खाली जातो आणि मासे मरतात. त्याहून मोठी हानी टाकीबाहेरची. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटासा पट्टा दिसला. मत्स्यालयांत वाढवलेला हा वाण पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरला. २००० साली तो कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडला तेव्हा ताडपत्री घालून, खाली क्लोरीन सोडून तो मारावा लागला. २००६ मध्ये तो संपल्याचे जाहीर झाले, खर्च सत्तर लाख डॉलरच्या वर. त्यामुळे मी कॉलर्पाच्या बाजूने बोलणार नाही. ग्रॅसिलेरिया, किटोमॉर्फा आणि उल्वा ही शेवाळे पुरेशी आहेत.

आपल्याकडे आणखी एक अडचण कायद्याची आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, त्यामुळे दुकानात दिसले तरी ते विकत घेऊ नयेत. समुद्रगवताची कुरणे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वांत संवेदनशील गटात येतात. कोकण-गोव्याच्या गढूळ किनाऱ्यावर समुद्रगवत मुळातच तुरळक आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे; तिथल्या खडकावरचे शेवाळही हौसेखातर उपटायचे नाही. सुरुवातीचे शेवाळ दुसऱ्या शौकिनाच्या कापणीतून मागून घ्यावे. आणि तुमच्या टाकीतली कापणी खाडीत, गटारात किंवा समुद्रात टाकू नका. कडक उन्हात पूर्ण वाळवा, मीठ धुऊन काढा आणि कुंडीतल्या मातीत घाला.