गाडीला थंडी वाजली तर?

दोस्तांनो, आधी एक सोपं गणित. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. असे आठ सेल एकापुढे एक लावले, तर किती व्होल्ट झाले? बारा! शाब्बास. आता मोटारीच्या बॅटरीवर किती आकडा लिहिलाय ते जाऊन बघा. तिथंही बाराच. मग सांगा पाहू, आठ पेन्सिल सेल जोडून मोटार सुरू होईल का?

वर्गात हा प्रश्न घातला की निम्मी मुलं जोरात "हो" म्हणतात. उरलेली निम्मी, बाईंनी विचारलंय म्हणजे काहीतरी गोम असणार, असा विचार करून गप्प बसतात. गोम आहेच! गच्चीवर एकाच उंचीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत असं समजा. एकीला पेनच्या रिफिलएवढी बारीक नळी आणि दुसरीला मनगटाएवढा पाइप. पाण्याचा जोर दोन्हीकडे सारखाच. पण बादली कुठली लवकर भरेल? व्होल्ट म्हणजे तो जोर, आणि अँपिअर म्हणजे प्रत्यक्ष वाहणारं पाणी. बंद इंजिनाला पहिली गिरकी द्यायला क्षणभर का होईना, शंभर-दोनशे अँपिअरचा लोंढा लागतो. बिचारे पेन्सिल सेल एवढा लोंढा कुठून आणणार?

हा लोंढा देते ती शिशाची बॅटरी. गास्ताँ प्लान्ते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १८५९ साली शोधून काढली. तेव्हा रस्त्यावर मोटारी नव्हत्याच! तिच्यात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या असतात आणि त्या पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. एकेका कप्प्यातून दोन व्होल्टच्या जरा वर वीज मिळते. दीडशे वर्षं उलटून गेली तरी बहुतेक मोटारींच्या बॉनेटखाली अजून हीच बाई ठाण मांडून बसलेली आहे.

आणि या बाईंना थंडी अजिबात सोसत नाही.

डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली कशी होते? दगड! आजी ती उन्हात ठेवते, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात बुडवते. इंजिनातलं तेल इतकं गोठत नाही, पण कडाक्याच्या थंडीत काकवीसारखं घट्ट होतं. मग इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. पारा शून्यावर आला की बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशानं घटते. उणे अठराला तर निम्मीसुद्धा उरत नाही. म्हणजे ओझं वाढलं आणि हमालाचे हातपाय गारठले! किल्ली फिरवली की आधी 'खर्र... खर्र...', मग नुसतं 'टक्', आणि मग तेवढंही नाही.

आपल्याकडे असं झालं तर काय करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. दे धक्का! एसटीला धक्का मारलेले बाबा-काका तर घरोघरी सापडतील. ड्रायव्हर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालून क्लच दाबून बसतो. आपण ढकलतो. जरा वेग आला की तो एकदम क्लच सोडतो आणि फिरणारी चाकंच इंजिनाला फिरवतात. पण ही युक्ती अमेरिका-कॅनडात फारशी चालत नाही. तिकडच्या बहुतेक गाड्यांचे गिअर आपोआप पडणारे. इंजिन बंद असलं की चाकं आणि इंजिन यांची गाठच पडत नाही. ढकला मग दिवसभर! शिवाय खाली बर्फ. ढकलणाराच आधी घसरायचा.

त्याही आधीच्या काळी गाडीच्या नाकाडात लोखंडी हँडल घालून ते हातानं फिरवत. तुमच्या पणजोबांनी हे पाहिलं असेल. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. हँडलची कटकट हळूहळू गेली, पण त्या दिवसापासून गाडीचा जीव बॅटरीच्या मुठीत आला.

मग भर थंडीत बॅटरीनं मान टाकली तर धावून कोण येतं? तिकडे मोटारवाल्यांचे मोठमोठे संघ असतात. वर्षाची वर्गणी भरायची आणि अडचणीत सापडलं की फोन करायचा. इंग्लंडमधल्या अशा एका संघाची गंमत ऐका. ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ साली सुरू झाली ती बंद गाड्यांसाठी नाहीच मुळी! पोलीस झुडपाआड लपून वेगानं जाणाऱ्या मोटारी पकडत. त्यांच्यापासून सभासदांना सावध करायला संघानं सायकलस्वार नेमले. पुढं कोर्टानं असा इशारा देणं बेकायदा ठरवलं. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. सभासदाची गाडी आली की सायकलस्वारानं सलाम ठोकायचा. सलाम केला नाही, की समजायचं पुढं काहीतरी आहे! सलाम न करण्याबद्दल कुणाला शिक्षा कशी करणार? (ही युक्ती वर्गात वापरू नका. आम्हा बाईंना ती आधीच कळलेली असते.) हेच स्वार पुढं मोटारसायकली घेऊन रस्त्यावर गाड्या दुरुस्त करू लागले.

जर्मनीत १९५४ साली तिथल्या एडीएसी या संघानं रस्त्यांवर मदतनीस पाठवायला सुरुवात केली. आधी साइडकारवाल्या मोटारसायकली होत्या, मग पिवळ्या फोक्सवॅगन बीटल आल्या. लोक त्यांना 'पिवळे देवदूत' म्हणू लागले आणि ते नाव कायमचं चिकटलं. हे देवदूत वर्षाला पस्तीस लाखांच्या आसपास हाकांना धावून जातात. त्यांच्याच नोंदी सांगतात की शंभरातल्या चाळीसहून जास्त गाड्या बॅटरीमुळे अडलेल्या असतात. टायर, इंजिन, सगळे तिच्या मागे!

माझी एक मामेबहीण कॅनडात एडमंटनला असते. एका जानेवारीत बाहेर उणे एकोणतीस असताना ती सहा वर्षांच्या मुलाला घेऊन वाणसामान आणायला गेली. तासाभरानं बाहेर येऊन बघते, तर गाडी ढिम्म. तिनं फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला तो गाडीबद्दल नव्हताच. "तुम्ही सुरक्षित जागी आहात ना? सोबत कोणी लहान आहे का?" तिनं सांगितलं, आम्ही दुकानात उबेला बसलोय. झालं! तिचा नंबर मागे गेला. अडीच तास ती घड्याळ बघत बसली आणि मनातल्या मनात चरफडत राहिली. मदतनीस आला तेव्हा त्याच्या दाढीवर बर्फाचे कण होते. उशीर झाला म्हणून त्यानं आधी माफी मागितली. हमरस्त्यावर एक आजी-आजोबा बंद गाडीत अडकले होते, गाडीत ऊब नव्हती, म्हणून आधी तिकडे गेलो, म्हणाला. यावर ती काय बोलणार? त्यानं हातमोजे काढले, डबा जोडला, पाच मिनिटांत गाडी सुरू केली आणि बजावलं, "आता चांगलं अर्धा-पाऊण तास चालवा. घर आलं म्हणून लगेच बंद करू नका." भाच्यानं मराठीतच विचारलं, "काका, तुम्हाला थंडी नाही वाजत?" त्याला ते कळलं नाही. आईनं अर्थ सांगितला तेव्हा तो हसला आणि लालबुंद झालेली बोटं दाखवून पुढच्या गाडीकडे निघाला.

बघा, मदतीची रांग लावायची तर पहिला कोण? जो आधी आला तो, की ज्याचा जीव जास्त धोक्यात आहे तो? दवाखान्यातही हाच प्रश्न पडतो. घरी जेवताना यावर जरूर भांडा.

त्या मदतनिसाच्या डब्यात असते एक दणकट बॅटरी. अशी सोय नसेल तर दुसरी चालू गाडी शेजारी आणून दोन जाड तारा जोडतात. तारांना चार चिमटे असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. पालकांनो, हा भाग तुमच्यासाठी. मुलांनी फक्त वाचायचं, हात लावायचा नाही. दोन्ही गाड्या बंद आणि एकमेकींना न चिकटणाऱ्या हव्यात. लाल तारेचा एक चिमटा मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरा चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. मग काळ्या तारेचा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला. आणि शेवटचा? तो मेलेल्या बॅटरीच्या उणे टोकाला लावायचा नाही! तो त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावायचा. कारण शेवटचा चिमटा टेकताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडलेला असू शकतो. हायड्रोजन आणि ठिणगी यांचं किती जमतं, ते सातवी-आठवीच्या दादा-ताईंना विचारा. मग आधी चांगली गाडी सुरू करून थोडा वेळ थांबायचं आणि त्यानंतर दुसरीला किल्ली मारायची. काढताना सगळं उलट्या क्रमानं. तरी आपल्या गाडीचं पुस्तक आधी वाचावं हे बरं, कारण काही गाड्यांना हे टोचणं चालत नाही.

बॅटरी गोठलेली असेल तर मात्र हा खेळ करायचाच नाही. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासालाही गोठत नाही. पण वीज संपत जाते तसं आम्ल खर्च होऊन पाणी वाढतं, आणि मग उणे दहाच्या आसपासच बर्फ होतो. बर्फ फुगतो आणि डबा तडकतो. अशा बॅटरीत वीज सोडली तर ती फुटू शकते.

खरा धोका याहून मुकाट्यानं येतो. रस्त्यात अडकल्यावर ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवून, काचा लावून लोक बसून राहतात. बाहेर बर्फ पडत राहतो आणि धूर सोडणारी नळी बुजते. मग कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस जागा होत नाही. म्हणून थंड देशांत हिवाळ्यात गाडीत घोंगडी, खाऊ, विजेरी आणि फावडं ठेवायला सांगतात. फावडं कशाला, ते आता कळलं ना? मधूनमधून उतरून ती नळी मोकळी करायला. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवण्याची बातही नको, मग ते एडमंटन असो की इचलकरंजी.

जो मदतीला येतो त्याचाही जीव टांगणीला असतो. घसरड्या रस्त्याच्या कडेला वाकून काम करताना मागून येणारी गाडी अंगावर आली तर? अमेरिकेच्या सगळ्या पन्नास राज्यांत आता कायदा आहे, की दिवे लुकलुकवत उभी असलेली मदतीची गाडी दिसली की शेजारची लेन सोडायची, नाहीतर वेग कमी करायचा.

थंड देशांतले लोक गाडीची आधीपासूनच बडदास्त ठेवतात. कॅनडात कित्येक गाड्यांच्या तोंडातून विजेचा प्लग लोंबताना दिसतो. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला प्लग कशाला? रात्री तो भिंतीत खुपसला की इंजिनात एक छोटा हीटर चालू होतो आणि सकाळी इंजिन कोमट मिळतं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी अशा हीटरचं पेटंट १९४९ साली मिळवलं. रशियातल्या याकुत्स्कला तर उणे चाळीसच्या खाली गाडी बंदच करत नाहीत, तासन्‌तास इंजिन घुरघुरत ठेवतात. आपल्या लडाखमधल्या ट्रकवाल्यांना डिझेलनंही दगा दिलेला असतो. त्यातलं मेण थिजतं!

आणि आपण महाराष्ट्रातले लोक सुटलो का? नाही हं. बॅटरीला थंडी लुळी करते, पण आतून झिजवते ती उष्णता. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी उडतं आणि पट्ट्या गंजतात. दुखणं मेमध्ये लागतं आणि बोभाटा होतो जानेवारीत, नाशिकच्या नाहीतर महाबळेश्वरच्या गार सकाळी. टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी दिसली, दिवे मंद झाले, किल्ली मारल्यावर आवाज कुंथायला लागला, की बॅटरी तपासून घ्यायची असं घरच्यांना सांगा. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ हा फोन नंबर आहे. तो आत्ताच पाठ करा, पुढच्या पानावर जायच्या आधी.

आता शेवटचं कोडं. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये केवढी थोरली बॅटरी असते! मग त्यांच्यासाठी पिवळ्या देवदूतांना बोलावणं येत नसेल, हो ना? येतं! मोठ्या बॅटरीच्या जोडीला या गाड्यांत एक छोटी बारा व्होल्टची बॅटरीही असते. कुलूप, दिवे, कॉम्प्युटर हे सगळं तीच जागं करते. ती झोपली की शेकडो व्होल्टची थोरली बहीण भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. जर्मनीतल्या नोंदी बघितल्या तर विजेच्या गाड्या अडण्याचं सगळ्यात मोठं कारणही ही धाकटीच आहे.